वस्ताद गेल्यावर

विदर्भाच्या संघानें रणजी करंडक तिसऱ्यांदा जिंकला त्या दिवशींची, म्हणजे २०२५ सालच्या मार्च महिन्याच्या २ तारखेची, गोष्ट आहे. संध्याकाळीं महालांतील आमच्या वाड्याच्या ओट्यावर नेहमींची मंडळी जमली होती. जामठ्याचें मैदान तेथून सुमारें पांच कोसांवर. दोघेजण तर सामना पाहून नुकतेच परतले होते. केरळाविरुद्धचा तो सामना अनिर्णित राहिला होता आणि पहिल्या डावांतील अवघ्या ३७ धांवांच्या आघाडीवर करंडक आपल्याकडे आला होता. परंतु आनंदास अशा हिशेबाची फिकीर नसते. पेढे वांटून झाल्यावर मंडळींतील एक वयोवृद्ध गृहस्थ सहज म्हणाले, "कांहीं म्हणा, हा करंडक पंडितांचाच." त्यावर त्यांचा पुतण्या, जो स्वतः कॉलेजच्या संघांतून खेळतो, उसळून म्हणाला, "काका, पंडितांना जाऊन पांच वर्षें झालीं. आज मैदानांत होतीं त्यांतलीं निम्मीं पोरें त्यांच्या हाताखालीं खेळलींसुद्धां नाहींत. मग हें श्रेय त्यांच्या खात्यावर किती दिवस मांडायचें?"

वाद तेथें मिटला नाहीं. आणि तो मिटावा असें आम्हांसही वाटलें नाहीं. चेंडूफळीच्या निमित्तानें त्या चुलत्या-पुतण्यांनीं एका फार जुन्या प्रश्नास हात घातला होता. एखाद्या संस्थेस कर्तबगार शिक्षक लाभतो, त्याच्या हाताखालीं ती यशास चढते, आणि मग तो शिक्षक निघून जातो. मागें उरतें तें यश कोणाचें? तें टिकलें तर तो त्याचा गुण, कीं त्याच्यावांचून चालतें याचा पुरावा? आणि तें न टिकल्यास दोष कोणास द्यावयाचा, जो गेला त्यास, कीं जे राहिले त्यांस? वृद्धांच्या म्हणण्यांत कृतज्ञता होती व तरुणाच्या म्हणण्यांत स्वाभिमान होता. दोन्ही गुण चांगले, पण दोघांचेंही म्हणणें एकाच वेळीं खरें कसें असावें हें चटकन् सांगतां येईना. आम्ही त्या दिवशीं गप्पच बसलों. आमच्या मौनास एक खासगी कारण होतें, तें पुढें येईल.

प्रथम घडलें काय तें पाहूं. विदर्भाचा संघ रणजी स्पर्धेंत १९५७ सालीं उतरला. त्यानंतर साठ वर्षें हा संघ म्हणजे इतरांनीं गुण मिळवावयाचें एक ठिकाण होतें, असें म्हटल्यास आमच्या वऱ्हाडी-नागपुरी वाचकांनीं रागावूं नये. आम्हीही त्याच पराभवांवर वाढलेलों आहों. २०१७ सालीं चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले. मुंबईचे, रमाकांत आचरेकरांच्या तालमींतले, यष्टिरक्षक म्हणून देशाकडून खेळलेले, आणि कडक शिस्तीबद्दल ख्याति पावलेले. त्याच हंगामांत, २०१८ च्या जानेवारीच्या पहिल्या दिवशीं, इंदुरास दिल्लीचा नऊ गडी राखून पराभव झाला. रजनीश गुरबानीनें त्या सामन्यांत लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन बळी घेतले, अक्षय वाडकरनें शतक काढलें, आणि फैज फजल या नागपूरकर कर्णधाराच्या हातीं करंडक आला. दुसऱ्या वर्षीं, ७ फेब्रुवारी २०१९ रोजीं, जामठ्यास सौराष्ट्राला ७८ धांवांनीं हरवून तो राखला. आदित्य सरवटेनें त्या सामन्यांत अकरा बळी घेतले; चेतेश्वर पुजारासारख्या फलंदाजास दोन्ही डावांत मिळून एकच धांव करतां आली. इराणी करंडकही दोन्ही वर्षें येथेंच राहिला. मग २०२० सालीं पंडित मध्यप्रदेशाकडे गेले, आणि २०२२ च्या जूनमध्यें बंगळुरास मुंबईला हरवून मध्यप्रदेशानेंही आपला पहिला करंडक जिंकला.

एवढें वाचून कोणीही म्हणेल कीं, जेथें पंडित तेथें करंडक. मग वाद तो कसला? परंतु हें अनुमान घाईचें आहे. ज्या २०१९-२० च्या हंगामांत विदर्भास शेवटच्या आठांतही जागा मिळाली नाहीं, त्या हंगामांत पंडित येथेंच होते. तेंच मैदान, तीच शिस्त, बहुतेक तेच खेळाडू. आणि तरी उतार लागला. म्हणजे गुरु समोर उभा असतांनाही यश जाऊं शकतें. लोक ही गोष्ट विसरतात, कारण जाण्याची तारीख लक्षांत राहते, ओसरण्याची राहत नाहीं. पुढील वर्षीं महामारीमुळें स्पर्धाच भरली नाहीं. त्यानंतरचीं दोन वर्षेंही कोरडींच गेलीं, आणि दोन वर्षांची दिवाळी होऊन गेली असें आमच्या ओट्यावर लोक म्हणूं लागले.

त्या कोरड्या दिवसांतील एक सामना मात्र आमच्या स्मरणांत आहे. २०२३ च्या जानेवारींत जामठ्यास गुजरातला जिंकावयास केवळ ७३ धांवा हव्या होत्या. इतक्या थोड्या धांवा राखून रणजी स्पर्धेंत त्यापूर्वीं कोणीही जिंकलें नव्हतें. सरवटेनें १७ धांवांत सहा बळी घेतले, त्या हंगामांत नुकत्याच आलेल्या हर्ष दुबेनें त्यास साथ दिली, आणि गुजरातचा डाव ५४ धांवांत आटोपला. त्या विजयानें विदर्भास शेवटच्या आठांत कांहीं नेलें नाहीं, म्हणून त्याची फारशी चर्चा झाली नाहीं. पण आम्हांस वाटतें, त्या दोन दिवाळ्यांपैकीं काय उरलें होतें याचें उत्तर त्या दुपारीं मिळालें. ७२ धांवांची पुंजी पुरेल असें मानून अकरा माणसें मैदानांत उतरतात, ही श्रद्धा उपदेशानें येत नाहीं. साठ वर्षें हरत आलेल्या संघास ती परवडली नसती. ज्यानें दोनदां करंडक हातांत धरून पाहिला त्यासच ती परवडते. पंडितांचें खरें देणें कोणतें असेल तर तें हेंच; आणि येथवर चुलत्यांचें म्हणणें आम्हांस मान्य आहे.

पुढच्याच वर्षीं तर गुरु आणि शिष्य समोरासमोर आले. २०२४ च्या मार्चमध्यें उपांत्य सामना जामठ्यास झाला, तो मध्यप्रदेशाशीं, आणि त्या संघाचे प्रशिक्षक होते पंडित. पहिल्या डावांत विदर्भ १७० धांवांत गडगडला आणि ८२ धांवांनीं मागें पडला. दुसऱ्या डावांत यश राठोडनें १४१ धांवा केल्या, संघाच्या ४०२ झाल्या, आणि शेवटीं मध्यप्रदेशाचा ६२ धांवांनीं पराभव झाला. शिष्याकडून आपला पराभव व्हावा अशी गुरूनें इच्छा धरावी, असें आपल्याकडे म्हणण्याची रीत आहे. पण असें म्हणणाऱ्यांस चौथ्या डावांत ३२१ धांवा काढावयाच्या नसतात. अंतिम सामना वानखेडेवर मुंबईनें १६९ धांवांनीं जिंकला. तथापि उतरणीचा प्रवास संपला हें तेव्हांच दिसून आलें होतें.

आतां पुतण्याचें म्हणणें. २०२४-२५ च्या हंगामांत हर्ष दुबेनें ६९ बळी घेतले. रणजीच्या एका हंगामांत इतके बळी त्यापूर्वीं कोणीही घेतले नव्हते. यश राठोडनें ९६० धांवा केल्या. दानिश मालेवारनें अंतिम सामन्यांत १५३ केल्या. हे तिघेही पंडित गेल्यानंतर वर आलेले. ते कोणाच्या मंत्रानें उगवले नाहींत. विदर्भ क्रिकेट संघटनेनें त्याआधीं कित्येक वर्षें निवासी अकादमी चालविली, वयोगटांचे संघ पोसले, त्यांना शिकविणारीं माणसें नेमलीं, आणि त्या माणसांचीं नांवें आमच्या ओट्यावर एकासही सांगतां आलीं नसतीं. २०२३ पासूनचे प्रशिक्षक उस्मान गनी हे येथलेच. बाहेरच्यांची मदतही नाकारण्याचें कारण नाहीं: पूर्वीं वसीम जाफरनें चाळिशींत एका हंगामांत हजारांवर धांवा करून दिल्या, या खेपेस कर्नाटकाच्या करुण नायरनें अंतिम सामन्यांत ८६ व १३५ केल्या. पण जाफर पंडितांच्या आधींच आला होता व नायर पंडितांच्या नंतर आला. आणि गंमत अशी कीं, त्याच सामन्यांत केरळाकडून ७९ धांवा करून विदर्भाच्या तोंडचें पाणी पळविणारा फलंदाज हा आमचाच सरवटे, जो त्या हंगामांत तिकडे गेला होता. म्हणजे गुरु जातो तसे शिष्यही जातात. जें राहतें तें कांहीं तिसरेंच असलें पाहिजे.

हें तिसरें जेथें नव्हतें तेथें काय झालें, याचें उदाहरण शोधावयास फार दूर जावें लागत नाहीं. त्याचा एक धागा नागपुराशींच बांधलेला आहे. १८९५ सालीं नागपुरांत जन्मलेले सी. के. नायडू, ज्यांनीं पुढें १९३२ सालीं देशाच्या पहिल्या कसोटीचें नेतृत्व केलें, ते इंदूरच्या होळकर दरबारीं गेले. होळकरांचा संघ १९४१-४२ पासून १९५४-५५ पर्यंत खेळला. एवढ्या अवधींत तो दहा वेळां अंतिम सामन्यास पोंचला व चार वेळां त्यानें करंडक जिंकला. १९४५-४६ च्या अंतिम सामन्यांत नायडूंनीं बडोद्याविरुद्ध २०० धांवा केल्या तेव्हां त्यांस पन्नास वर्षें पूर्ण झालीं होतीं. आज हें वाचतांना पुराणांतील वाटावें असें हें वैभव. मग संस्थान गेलें, महाराजांचा आश्रय सरला, संघ विसर्जित झाला. आणि त्या मातींत पुन्हां करंडक यावयास २०२२ साल उजाडावें लागलें. विदर्भानें आपला पहिला करंडक जिंकला तो इंदुरांतील होळकरांचें नांव धारण करणाऱ्या मैदानावरच. आमचा तर्क असा आहे कीं, होळकरांच्या माडीवर झुंबरें पुष्कळ होतीं, पण खालून वर येणारा जिना कोणी बांधला नव्हता.

महालांत राहणाऱ्यास हा धडा नवा नाहीं. भोसल्यांचा वाडा आमच्या शेजारींच आहे. १७५५ सालीं पहिले रघूजी वारले आणि लगेच मुलांत गादीचा तंटा लागला. १८५३ सालीं तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि दुसऱ्याच वर्षीं राज्य खालसा झालें. कंपनीस हें निमित्त मिळालें नसतें तर तिनें दुसरें शोधलें असतें, हें आम्ही जाणतों. तरी एका माणसाच्या श्वासावर राज्य टांगलेलें असावें, हें त्या राज्याचें दुबळेपण होतेंच.

अमेरिकेंत विद्यापीठांच्या फुटबॉल-संघांविषयीं हाच प्रश्न मोठ्या हिरीरीनें विचारला जातो. तेथें खेळणारे विद्यार्थी चार-पांच वर्षांत पदवी घेऊन निघून जातात; कायम राहतो तो प्रशिक्षक, म्हणून प्रशिक्षक हीच संस्था होऊन बसते. अलाबामा विद्यापीठाचे निक सेबन सतरा हंगामांत सहा अजिंक्यपदें मिळवून २०२४ सालीं निवृत्त झाले, तर त्यांच्या जागीं आलेल्यास पहिल्याच हंगामांत चार पराभव पत्करावे लागले. आपल्याकडे प्रकार उलटा. फैज फजल २००३ पासून २०२४ पर्यंत, बहुतेक सर्व काळ विदर्भाकडूनच, खेळला. तेवढ्या अवधींत प्रशिक्षक किती आले व गेले! येथें आठवण खेळाडूंपाशीं राहते, आणि ती धाकट्यांस देण्याचें काम त्यांचें असतें. इंग्लंडांतील लिव्हरपूलची कथा याहून बोलकी आहे. बिल शँक्लींनीं १९७४ सालीं तो संघ सोडला तेव्हां लोकांस आतां सर्व संपलें असें वाटलें. त्यांच्या जागीं बॉब पेस्ली आले, जे खेळाडू म्हणून आणि मग पडद्याआडचे साहाय्यक म्हणून कित्येक वर्षें तेथेंच वावरलेले होते. नऊ वर्षांत त्यांनीं सहा वेळां देशाचें आणि तीन वेळां युरोपचें अजिंक्यपद मिळविलें. शँक्लींचा पाय मात्र तेथून निघेना. ते सरावास येत राहिले, पोरें त्यांनाच मालक म्हणून हांक मारीत, आणि पेस्लींस अवघडल्यासारखें होई. त्यांचें हें येणें हळूहळू कोणास नकोसें झालें. संघ ज्यानें घडविला त्याच्या वांट्यास असे दिवस यावेत हें वाचून वाईट वाटतें, पण पेस्लींस दोष देतां येत नाहीं.

यावरून आम्हांस एक गोष्ट सुचते, ती जुन्या वळणाच्या वाचकांस कदाचित् रुचणार नाहीं. पगारी प्रशिक्षक हा आपल्याकडे थोडा हिणकस मानला जातो. करार संपला कीं दुसऱ्याच्या दाराशीं जाणारा. त्यास गुरु कसें म्हणावें? खरा गुरु तो, जो एका जागीं देह ठेवितो. परंतु पगारी माणसाच्या ठिकाणीं एक गुण असतो, तो आम्हीं फार उशिरां ओळखला. तो जाणार हें पहिल्या दिवसापासून सर्वांस ठाऊक असतें. त्याला, संस्थेला आणि पोरांनाही. म्हणून तो जातो तेव्हां धक्का बसतो, पण अंधार पडत नाहीं. किल्ल्या आधींपासूनच दुसऱ्या कोणाच्या कंबरेस असतात. ज्या गुरूचें जाणें कल्पनेंतही बसत नाहीं, त्याच्या मागची व्यवस्था कोणी करीत नाहीं. बापाच्या हयातींत वांटणीचा विषय काढूं नये, तसें तें अशुभ वाटतें. उलटपक्षीं, पगारी माणसास यंदांचेंच फळ हवें असतें. कोय पुरून दहा वर्षें वाट पाहण्यांत त्याचें हित नसतें, आणि त्याबद्दल त्यास बोल लावणेंही अन्यायाचें. आंबराई दुसऱ्या कोणीतरी लावावी लागते. विदर्भाचें नशीब एवढेंच कीं, कोय पुरणारे व फळ उतरविणारे हे दोघेही त्यास एकाच काळीं मिळाले, आणि कोय पुरणारे तेथून हलले नाहींत.

आतां आमच्या मौनाचें कारण. आमच्या लहानपणीं या महालांतच, एका वाड्याच्या परसांत, एक लहानसा आखाडा होता. वस्ताद पहाटे चारला येत, हौदांतील लाल माती स्वतः खणीत, तींत ताक, तेल आणि हळद कालवीत, आणि मग आम्हां पोरांस उठवावयास गल्लींतून हांका मारीत जात. पंचवीस-तीस पोरें होतों. त्यांनीं कोणाकडून कधीं पैसा घेतला नाहीं. नागपंचमीच्या कुस्त्यांत त्यांच्या पोरांनीं फेटे आणि नारळ आणले, तेव्हां ते फक्त पाठीवर थाप मारीत व दुसऱ्या दिवशीं शंभर जोर अधिक काढावयास लावीत. कोणाची पकड कोठें ढिली पडते हें त्यांसच दिसे. जोड लावावयाची ती त्यांनींच, सोडवावयाची तीही त्यांनींच. थोरल्या पोरांनीं धाकट्यांस डाव दाखवावा हें त्यांस खपत नसे. अर्धवटानें शिकविलेलें दहा वर्षें निघत नाहीं, असें ते म्हणत, आणि तें खोटेंही नव्हतें.

एका पावसाळ्यांत ते वारले. आम्हीं खांदा दिला, वर्गणी काढून तसबीर केली, पुण्यतिथि पाळण्याचें ठरविलें. तसबिरीवर हार वर्षभर पडत होता. हौद सहा महिन्यांत दगडासारखा झाला. आज तेथें फटफट्या उभ्या असतात.

पुढें कित्येक वर्षें आम्ही सांगत आलों कीं, असा वस्ताद पुन्हां होणे नाहीं. तो गेला आणि आखाडा गेला. हें म्हणतांना आमचा कंठ दाटून येई, आणि ऐकणाऱ्यांसही तें फार गोड वाटे. त्या गोडीखालीं काय होतें हें जामठ्याच्या करंडकानें आम्हांस दाखविलें. वस्तादांची थोरवी ही आमच्या आळसाची सबब झाली होती. डाव आम्हांस अर्धे येत होते हें खरें. पकडीची नजर नव्हती हेंही खरें. पण माती खणण्यास नजर लागत नाहीं. कुदळ त्यांच्या मागें कोपऱ्यांत उभी होती, आणि ती उचलण्याइतकें बळ तर त्यांनींच आमच्या दंडांत घातलें होतें. आम्हांपैकीं एकानें पहाटे उठून नुसता हौद भिजवीत ठेविला असता, तर दोन-चार वर्षांनीं कोणी जाणता पुन्हां तेथें आलाही असता. आम्हीं हार घालण्याचें काम पत्करलें, कारण तें सकाळीं आठला करतां येत असे.

दोष सगळा आमचाच होता असें म्हणून मोकळें व्हावें, तर मन तेंही मानीत नाहीं. त्यांनीं थोरल्यांच्या हातीं धाकटे दिले असते, दोन चुका होऊं दिल्या असत्या, एखादा दिवस मुद्दाम घरीं राहिले असते, तर? ज्यानें आपलें सर्वस्व दिलें त्याच्याविषयीं असें लिहितांना लेखणी अडखळते. पण त्यांनीं सर्वस्व दिलें तरी आपली जागा मात्र कोणास दिली नाहीं, आणि आम्हींही ती कधीं मागितली नाहीं.

हें सारें मागाहून एकदां आम्हीं त्या पुतण्यास सांगितलें. ओट्यावर दुसरें कोणी नव्हतें. तो बराच वेळ ऐकत होता. मग त्यानें विचारलें, "काका, वस्तादांचा उजवा हात कोण होता तुमच्यांत?"

"तसा कोणी नव्हता."

"मग ते आजारी पडले म्हणजे माती कोण खणत असे?"

आम्ही म्हणालों, "त्या दिवशीं आखाडा बंद असे."